पाय कापलेली तारीख

१

साहेब, माझ्या बापाला तुम्ही दोनदा मारलंत. एकदा पाण्यात आणि एकदा फोटोत. पहिल्या मरणाला तुमच्या कागदात ‘दुर्दैवी अपघात’ असं नाव आहे. दुसऱ्याला काय नाव देणार?

तुमचं नाव मी लिहीत नाही. भीतीने नव्हे. नाव लिहिलं की तुम्ही एकटेच सापडाल, आणि उद्या तुमच्या खुर्चीत बसणारा हात झटकून म्हणेल, माझा काय संबंध! म्हणून मी खुर्चीलाच साहेब म्हणते. ज्याला लागायचं त्याला लागेल.

मी दिपिका शत्रुघ्न भोईर, राहणार जूचंद्र. शिक्षण बारावी नापास. लिहायला मला कुणी शिकवलं नाही. तुमच्या ऑफिसच्या बाकड्यावर बसून बसून जो राग साठला, त्याने शिकवलं.

सन दोन हजार चार, ऑक्टोबर महिना, सर्वपित्री अमावास्या. आमच्या खाडीकडच्या बांधाला एक उघाडी आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. बांधात दगडी मोरी, आणि मोरीच्या तोंडाशी खाचांत बसवलेल्या जाड फळ्या. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खाडीचं खारं पाणी अडवायचं. उघाडी धरली तर भात, सुटली तर तीन वर्षं जमिनीत गवतही नाही. ती सांभाळायचा मान आमच्या भोईरांचा. मोरीत उतरायचं ते फक्त राखणदाराने, दुसऱ्याने नाही. आणि राखणदाराने घरात उघाडीचं वंगाळ बोलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बाबाने ती शेवटपर्यंत पाळली. तीच त्याला नडली.

अमावास्येच्या उधाणात रात्री फळ्या सुटल्या. सकाळी सगळ्या गावाचं कापणीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं, आणि बाबा मोरीच्या तोंडाशी चिखलात पडला होता. उजव्या मुठीत गोणपाटाची एक चिंधी. इतकी घट्ट धरलेली की आईला ती सोडवता आली नाही.

पंधरा दिवसांनी तुम्ही आमच्या समाजमंदिरात आलात. टेबलावर एक फोटो टाकलात. उघाडी, नव्याकोऱ्या डांबर लावलेल्या फळ्या, कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख आणि वेळ. तेरा ऑक्टोबर, संध्याकाळचे पाच. म्हणजे बाबा गेला त्याच दिवसाची संध्याकाळ.

“आमच्या खात्याने महिनाभर आधीच फळ्या बदलल्या होत्या,” तुम्ही गावाला सांगितलंत. “फोटो बघा. पाच वाजता उघाडी ठणठणीत. मग रात्री फळ्या काढल्या कोणी? ज्याला मोरीत उतरायचा हक्क, त्यानेच. उधाणाचे मासे शेतात घ्यायला. हातात गोणपाट सापडलं ना? मासे भरायलाच नेलं असणार.”

मग तो फोटो माझ्यासमोर सरकवलात. “ठेव तुझ्याकडे. बापाची करणी बघत बस.”

साहेब, तेवढी एकच चूक तुम्ही केलीत. मी खरंच बघत बसले.

२

गावकीने त्याच दिवशी आम्हाला वाळीत टाकलं. तसं बोललं कुणी नाही. पण उघाडीचा मान काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरचं विरजण कुणी नेईना. आई रोज दही लावायची, रोज वाटीत काढून दाराशी ठेवायची आणि संध्याकाळी ओतून टाकायची. मी म्हटलं, कशाला लावतेस? ती म्हणाली, “नेतील कवातरी.”

तेव्हाच मी ठरवलं. लोक न्याय न्याय करतात. मला न्याय नको होता. ज्याने हे केलं, त्याला ह्याच गावात, ह्याच लोकांपुढे, आई रोज अपमान गिळते तसे स्वतःचे शब्द गिळायला लावायचे होते.

पहिला संशय अल्पेशवर. हा आमच्याच आळीतला, जमिनींची दलाली करतो. खारी झालेली शेतं बिल्डरला स्वस्तात घालायला त्याच्याइतका उतावीळ कुणी नव्हता. आणि बाबाला फळ्या काढताना ‘डोळ्यांनी पाहिलं’ असं सांगणारा सगळ्या गावात तो एकच.

नाक्यावर मोटरसायकलला टेकून उभा होता. गॉगल, तोंडात बडीशेप.

“अल्पेशदादा, बाबाला तू कुठून पाहिलास?”

“रस्त्यावरनं. आता त्याचा काय? झाला ते झाला. तुमचा पण सातबारा माझ्याकडं दे, चांगला भाव आणून देतो.”

“अमावास्येच्या काळोखात रस्त्यावरून दिसला?”

“बॅटरी व्हती त्याच्या हातात. तिच्या उजेडात दिसला. फळी काढून बाजूला ठेवताना.”

“कसली बॅटरी?”

“तीच की, तुमची पितळेची. सगल्या गावाला म्हाईत हाय.”

पितळेची बॅटरी गावाला माहीत होती, खरं आहे. पण तिचं बटण गणपतीतच मोडलं होतं आणि ती तेव्हापासून आमच्या खुंटीला लटकत होती, हे गावाला माहीत नव्हतं. बाबा त्या रात्री कंदील घेऊन गेला होता.

“दादा,” मी म्हटलं, “तू तिथे नव्हतासच.”

बडीशेप चावायची थांबली. “जास्त शानपना करू नको. सायबाला विचार जा.”

साहेबाला का विचारू? दलालाच्या तोंडून साहेब कशाला निघाला?

अल्पेश खोटारडा ठरला. पण खोटं बोलायला माणसाने फळ्या काढलेल्या असाव्या लागत नाहीत. त्याला कुणीतरी बोलायला लावलं असेल तर?

३

दुसरा संशय मार्सेलवर. नायगावचा कोळी, बाबाच्या वयाचा. उघाडीच्या तोंडाशी भरतीला जाळं लावायचा, आणि त्यावरून बाबाचं नि त्याचं वर्षानुवर्षं भांडण. बाबा गेल्यापासून तो खाडीकडे फिरकला नव्हता. गावात कुजबुज चालू होती की माशांसाठी फळ्या त्यानेच काढायला लावल्या.

मी गेले तेव्हा तो होडीच्या फटींत बूच ठोकून भरत होता. मला पाहून हातोडी खाली ठेवली, पण उठला नाही.

“ये. मना ठाव व्हता तू येशील. उशीर केलास.”

“तुम्ही का नाही आलात?”

“मी आलो आसतो तं तुजा गाव मना जिता सोडला आसता?”

“त्या दिवशी बाबाला भेटला होतात?”

त्याने होडीची एक फट अंगठ्याने चाचपली. मग म्हणाला, “दिवस बुडायच्या टायमाला आला तुजा बापूस. आमी दोन वर्सं बोलत नव्हतो. आला नि बोलला, मार्सेल, गोण्या दे. मी बोललो, कशाला? तं बोलला, फल्या चालन झाल्यात, बोट घातला तं आरपार जातं. हपिसात सांगून सांगून जीब झिजली. आज उधान हाय. गोण्यांत चिखल भरून आतनं लावतो. मी जेवड्या व्हत्या तेवड्या दिल्या.”

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“कोनाला सांगू? माजा जाला तितं. पयला हात माज्यावरच पडला आसता.” मग आवाज एकदम खाली गेला. “त्याचे बरोबर जाया पायजे व्हता मी. भांडन व्हता ना. नाय गेलो.”

मला त्याची दया आली नाही. खोटं कशाला बोलू? पण मुठीतल्या चिंधीचा अर्थ लागला. बाबा मासे भरायला गेला नव्हता. फुटणारी उघाडी गोण्यांनी बुजवायला गेला होता, आणि गोण्या नि फळ्या घेऊन पाणी त्याच्या अंगावर आलं.

पण मग तुमचा फोटो? मार्सेल सांगतो, दिवस बुडताना फळ्या चाळण झालेल्या. फोटो सांगतो, पाच वाजता फळ्या कोऱ्या करकरीत. दोघांतलं एक खोटं बोलत होतं. आणि गावापुढे फोटोचा शब्द मोठा, मार्सेलचा नाही.

४

फोटोमागे सही होती. कौस्तुभ नावाच्या तुमच्या हाताखालच्या इंजिनियरची. विरारला फ्लॅटमध्ये राहणारा, नोकरीत नवा. मी त्याला ऑफिसात नाही गाठलं. रस्त्याच्या कडेला खचलेल्या एका भिंतीचे फोटो काढत होता, तिथे गाठलं.

ऑफिसचा छोटा डिजिटल कॅमेरा त्याने दोन्ही हात लांब करून धरला होता आणि मागच्या पडद्यात बघत होता. बटण दाबलं, चित्र पुन्हा पाहिलं, पसंत पडलं नाही, पुसून टाकलं, परत काढलं.

“उघाडीचा फोटोपण असाच काढलात का?” मी विचारलं.

त्याने मला ओळखलं. “त्याच्यावर सही माझी आहे.”

“मी सहीचं विचारलं नाही.”

“मॅडम, प्लीज. सही माझी आहे, एवढंच लिहा.”

“मी अजून काही लिहीत नाहीये. घाबरू नका. पडद्यात बघून काढता ते बरं पडतं का?”

विषय बदलला म्हणून बिचारा सुटल्यासारखा बोलायला लागला. “मला असंच जमतं. साहेब ओरडतात, पडदा पेन्सिल सेल खातो म्हणून. ते स्वतः पडदा बंदच ठेवतात. वरच्या खिडकीला डोळा लावून काढतात, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यासारखं. म्हणतात, फोटो डोळ्याने काढायचा असतो, टीव्ही बघत नाही.”

तो हसला. मी नाही हसले. मला तेव्हा त्या वाक्याचं मोल कळलं नव्हतं, पण ते डोक्यात राहिलं.

निघताना मी विचारलं, “त्या फळ्या बसवताना तुम्ही होता?”

त्याने कॅमेरा पिशवीत घातला, चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. “मला आई-वडील आहेत,” म्हणाला.

“मलाही वडील होते,” मी म्हटलं.

५

त्या रात्री नाही, त्या आठवड्यात नाही, पण रोज तो फोटो मी हातात घेत होते. फळ्या पाहायचे, मोरी पाहायचे, आभाळ पाहायचे. काही सापडेना. मग एकदा आईने भाकरी थापता थापता वाकून पाहिलं आणि म्हणाली, “ह्या आकड्यांचे पाय कुनी तोडले?”

बघते तर खरंच. कोपऱ्यातली नारिंगी तारीख अर्धीमुर्धी होती. आकड्यांची डोकी शाबूत, खालचा भाग कागदाच्या कडेला कापला गेलेला. इतके दिवस मी तारीख वाचत होते, बघत नव्हते.

तारीख कापली गेली, म्हणजे तारखेखाली अजून फोटो होता. तो गेला कुठे?

फोटोच्या पाठीवर दुकानाचा शिक्का होता. नायगाव स्टेशनजवळचा स्टुडिओ, मालकीण रोझलिन. मूळची गासची. लग्नं, बारसी, पहिली कम्युनियन, पासपोर्ट, सगळं करणारी, आणि तोंडाने फटकळ.

“गिऱ्हाइकाचा फोटो मी दुसऱ्याला दाखवत नाय,” पहिल्याच वाक्याला तिने दार लावलं. “सरकारी असो नायतर कुणाचा असो.”

“दाखवू नका. पण तुमचं मशीन फोटो तोडतं, एवढं तरी कबूल करा.”

“काय बोललीस?”

“तारखेचे पाय कापलेत तुमच्या मशीनने. एवढी साधी तारीख धड येत नाही.”

साहेब, तुमच्या खात्याला जे अर्ज करून हलवता आलं नाही, ती बाई एका टोमण्यात हलली. चष्मा चढवला, फोटो हिसकावला, उलटसुलट केला.

“माज्या मशीनला नाव ठेवतेस? ऐक. डिजिटल कॅमेऱ्याचं चित्र आखूड नि उंच असतं. आपला नेहमीचा कागद लांब नि बुटका. कागद पुरा भरायचा तर वरून नि खालून थोडं जाणारच. लोकांना कडेला पांढरी पट्टी चालत नाय, म्हणून कापतो आम्ही. सगळेच कापतात.”

“म्हणजे कापलेलं कुठेतरी असेल?”

“असेल म्हणजे? सगळं सीडीवर ठेवलंय मी. गिऱ्हाईक परत कॉपी मागतं.” बोलता बोलता तिची सीडी शोधूनही झाली होती. “बस इथं. दाखवते तुला मशीनची चूक हाय की कागदाची.”

कॉम्प्युटर सुरू होईतो ती बोलतच होती. “पयला डिजिटल घेतला ना, तवा माजीच फजिती झाली. गासला लग्न. नवऱ्याचा मामा ॲन्सेल्म, ग्लास घेऊन प्रत्येक फोटोच्या कडेला उभा. मी खिडकीतून बघून बघून त्याला बरोबर चौकटीबाहेर ठेवला. घरी येऊन चित्रं उघडली तं सगळ्यांत ॲन्सेल्म मामा! ग्लाससकट! नवरीच्या खांद्याला खांदा लावून! नवरी रडली, मामा मात्र अल्बम घेऊन गेला.”

“कसं काय?”

“अगं, त्या खिडकीत जी चौकट दिसते ना, ती खोटी. म्हणजे खोटी नाय, कंजूष. कॅमेरा घेतो जास्त, खिडकी दाखवते कमी. कुणाचं डोकं उडू नये म्हणून कंपनीनेच तसं ठेवलंय. त्यात खिडकी वर, काच म्हणजे लेन्स खाली. जवळची वस्तू असली तर काच अजून खालचं बघते, डोळ्याला पत्ताच नाय. पडद्यात बघितलं तर कळतं. खिडकीत बघणारा फसतो.”

मला कौस्तुभचं वाक्य आठवलं, साहेब पडदा बंदच ठेवतात. चित्र अजून उघडायचं होतं.

पहिल्यांदा तिने फाइलच्या आत नोंदलेली तारीख पाहिली. “तेरा ऑक्टोबर, पाच वाजता. आत पण तेच हाय.”

तुमचा फोटो खरा ठरत होता. मार्सेल खोटा, बाबा खोटा, आणि मी महिनाभर मूर्ख.

मग चित्र वरून खाली उलगडलं. आभाळ. मोरी. फळ्या. आख्खी तारीख, पायांसकट. आणि तारखेच्या समोरच्या कोपऱ्यात, अगदी खाली, फोटो काढणाऱ्याच्या पायांपुढच्या दगडावर, काहीतरी पिवळं चमकत होतं.

“हे काय?” रोझलिन पुढे वाकली. “कसलं भांडं? नि हे हिरवं काय, शेवाळ?”

मला उत्तर माहीत होतं. पण ते माझ्या तोंडून येऊन उपयोगाचं नव्हतं.

६

रोझलिनने तेवढा भाग मोठा करून छापला. घरी नेऊन मी तो आईपुढे ठेवला.

आईचं नाव सत्यवती. तिने हात पदराला पुसले, फोटो चुलीच्या उजेडात धरला.

“यो तं तुज्या बापाचा तांब्या.”

“कशावरून?”

“पोटाला पोचा हाय बघ. तू ल्हान आसताना पायरीवरनं पाडलास.”

तांब्या पालथा होता. त्याच्यावर पणती. आमच्यात माणूस ज्या जागी जातो तिथे तिसऱ्या दिवशी त्याचं रोजचं पाण्याचं भांडं पालथं घालतात, वर दिवा ठेवतात. दहाव्याला ते भांडं खाडीत सोडतात. बाबाचा तांब्या त्या दगडावर आईने ठेवला होता. सोळा तारखेच्या सकाळी. मी तिच्याबरोबर होते.

“आनि ह्यो?” आईचं बोट हिरव्या ठिपक्यांवर थांबलं.

तिने फोटो खाली ठेवला, आणि आपलं रिकामं मनगट दुसऱ्या हाताने झाकून बसून राहिली.

मग म्हणाली, “दिपे, आता रडू नको. आता त्याला बोलाव.”

७

बोलवावं लागलं नाही. डिसेंबरात तुम्ही आपणहून आलात, नव्या उघाडीच्या भूमिपूजनाला. बांधावर मांडव, हार, नारळ. गाव जमलं होतं. माझ्या सांगण्यावरून मार्सेलही आला होता. अल्पेश पुढे पुढे करत होता. कौस्तुभ मागच्या खुर्चीत मान घालून बसला होता. गावकीचे म्होरके हिराजी तात्या तुमच्या शेजारी.

मी मान खाली घालून, हात जोडून पुढे आले. हरलेल्या पोरीसारखी. तुम्हाला ते आवडलं, ते मला दिसलं.

“साहेब, एक विचारायचं होतं. बाबाचा गुन्हा मी मान्य केला. पण तो फोटो किती सुरेख आलाय हो. फळीची रेघ न् रेघ दिसते. कौस्तुभ सरांनी काढला ना?”

“त्याला काय येतंय?” तुम्ही हसलात. गावही हसलं. “मीच काढला तो.”

“पडद्यात बघून?”

“छे! पडदाबिडदा पोरांसाठी. मी खिडकीला डोळा लावतो. वीस वर्षं रोलचा कॅमेरा वापरलाय. जे हवं ते चौकटीत, जे नको ते बाहेर. फोटो म्हणजे तेवढंच.”

“आणि काढला तेराला, संध्याकाळी?”

“तारीख आहे की त्याच्यावर.”

“म्हणजे बाबा जिवंत असताना.”

“अर्थात.”

“सगळ्यांनी ऐकलं ना?” मी वळून विचारलं. “तात्या, तुम्ही ऐकलं?”

“आयकला,” तात्या म्हणाले. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

मांडवाच्या कडेला दोन बांबूंमध्ये चादर बांधलेली होती. लोकांना वाटलं, पाहुण्यांच्या चहाची सोय असेल. मी आणि मार्सेलने ती ओढली. मागे रोझलिनने छापून आणलेला फ्लेक्स होता. तोच फोटो, पण न कापलेला. दरवाजाएवढा.

आधी कुणाला कळलं नाही. मग बायकांच्या बाजूने आवाज आला. त्यांना तांब्या ओळखायला वेळ लागला नाही.

“साहेब,” मी म्हटलं, “तुम्ही फोटो काढलात ती जागा ही. तुमच्या पायांपुढे माझ्या बापाचा तांब्या पालथा होता. खिडकीच्या चौकटीत तो दिसला नाही, कारण तुम्ही कॅमेरा बरोबर वर धरून त्याला बाहेर ठेवलंत. दुकानातल्या कागदावरही तो आला नाही, कारण कागदाने खालचा भाग कापला. तुम्ही कागद पाहिलात आणि निर्धास्त झालात. पण कॅमेऱ्याने तुमच्या डोळ्यापेक्षा जास्त घेतलं होतं. कौस्तुभ सरांनी काढला असता तर पडद्यात दिसलं असतं, त्यांनी पुसून परत काढला असता. खिडकीत बघणाराच फसतो. आणि खिडकीत बघणारे तुम्ही एकटे. आत्ताच सांगितलंत.”

तुम्ही फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलंत. पण लगेच सावरलात, तेवढं मानते मी तुम्हाला.

“तेरा तारखेला सर्वपित्री अमावास्या होती,” तुम्ही गावाकडे वळून म्हणालात. “कुणीतरी पित्रांसाठी पाणी ठेवलं असेल, दिवा लावला असेल. त्यात काय सिद्ध होतं? या मुलीचं दुःख मी समजू शकतो, पण...”

गाव पुन्हा डळमळलं. सर्वपित्रीला दिवा ठेवतात, खरं होतं. अल्पेश ओरडला, “बरोबर हाय सायेबांचा!”

तेव्हा आई उठली. बायकांतून चालत फ्लेक्सपाशी गेली. तांब्याच्या बाजूला हिरवे तुकडे होते, तिथे तिने हात ठेवला. नुसता हात, काहीच नसलेला.

“पित्रांना बांगड्या फोडून वाढतात काय, सायेब?”

तिने रिकामं मनगट गावापुढे धरलं.

“मी फोडल्या त्या. हितंच, ह्याच दगडावर. मानूस गेल्यावं फोडतात. आदुगर नाय.”

मागची खुर्ची सरकली. कौस्तुभ उभा राहिला होता. आवाज स्पष्ट आला. “सोळा तारखेला दुपारी फळ्या आल्या. ट्रकमध्ये मी होतो. आधी फक्त कागदावर बदलल्या होत्या. गावाला सांगितलं, काढलेल्याच परत बसवतोय. कॅमेऱ्याची तारीख साहेबांनी मागे घेतली. सही माझी आहे.”

हिराजी तात्यांनी अल्पेशकडे पाहिलं. “तू काय पायलास रे?”

“मना सायेब बोलले, पायलास ना? मी बोललो, हो.” आणि तो मोटरसायकलीकडे निघाला. ती सुरू होईना. पोरांनी किल्ली काढून घेतली होती.

तुम्ही “चौकशी होईल” असं काहीतरी म्हणालात आणि गाडीत बसलात. नारळ टेबलावर तसाच राहिला.

तात्या आईपुढे आले, पगडीला हात लावून. “वयनी, आमचा चुकला.”

“हो,” आई म्हणाली. “चुकला.”

एवढंच. माफ केलं नाही तिने. दुसऱ्या दिवशी चार बायका वाट्या घेऊन विरजण मागायला आल्या. आईने दार उघडलं नाही. लोक म्हणतात, सत्यवती कडू झाली. मला ते कडूपण फार गोड लागलं.

८

उघाडीचा मान परत आमच्याकडे आला. आता मोरीत मी उतरते. बाईने उतरायची रीत नाही, असं एक म्हातारा म्हणाला. मी म्हटलं, मग तुम्ही उतरा. तो घरी गेला.

राखणदाराने उघाडीचं वंगाळ बोलायचं नाही, ही रीत मात्र मी मोडली. फळीला चीर गेली की नाक्यावर उभी राहून ओरडते.

तुमच्यावर कारवाई झाली म्हणे. बदली, तीही बढतीवर. तुमच्या नव्या ऑफिससमोर मी सर्वपित्रीला तोच फ्लेक्स लावला. शिपायाने काढला, मी पुन्हा लावला. पुढच्या वर्षीही लावेन. फ्लेक्स फाटला तर रोझलिनकडे सीडी आहे.

फळ्या न बदलता बदलल्या दाखवल्यात, ते मला कळतं. तो तुमचा रोजचा धंदा. तारीख मागे घेतलीत, तेही कळतं. एक गोष्ट मात्र अजून कळत नाही, आणि तेवढ्यासाठी हे सगळं लिहिलं.

तांब्या तुमच्या पायाजवळ होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. गाव खारं पाणी उपसत होतं. पायाने नुसता ढकलला असता तर खाली चिखलात गेला असता, पणतीसकट. कुणाला कधीच कळलं नसतं. माझा बाप कायमचा चोर राहिला असता. तुम्ही तसं केलं नाहीत. कॅमेरा वर उचललात, डोळा लावून लावून त्याला चौकटीबाहेर ठेवलंत, पण हात लावला नाहीत.

मेलेल्या माणसाच्या भांड्याला हात लावायची भीती वाटली. बरोबर ना?

मग तोच माणूस जिवंत असताना, तुमच्या दारात उभा राहून, साहेब, फळ्या चाळण झाल्यात, असं सांगत होता, तेव्हा ही भीती कुठे होती? चौकशी समितीला नको. वकिलाला नको. मला सांगा. जूचंद्रच्या बांधावर या, त्या दगडासमोर उभे राहा, आणि सत्यवती भोईरच्या तोंडाकडे बघून उत्तर द्या.

मी वाट बघते आहे. खिडकीतून नाही. उघड्या डोळ्यांनी.